बजेट डेस्कटॉप जुळवतोय: बोर्डाला नक्की कोणती रॅम चालेल?

खटपट्या

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन डेस्कटॉप जुळवतोय. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, बोर्ड ए५२० चिपसेटचा, रॅमचे दोनच स्लॉट. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि इतक्यात घेणारही नाही. काम म्हणजे प्रोग्रॅमिंग, थोडे फोटो एडिटिंग, ब्राउझरमध्ये कायम उघडे पडलेले ढीगभर टॅब आणि रात्री एखादा हलका गेम.

बाकी सगळे ठरले, रॅमवर गाडी अडली आहे. समोर तीन पर्याय आहेत:

१) १६ जीबीची एकच साधी स्टिक, डीडीआर४ ३२००, सीएल२२ (सीएल म्हणजे मागितलेला डेटा यायला लागणाऱ्या क्लॉकच्या फेऱ्या).
२) ८-८ जीबीच्या दोन स्टिकचे किट, डीडीआर४ ३६००, सीएल१८, वर धातूचे आवरण.
३) एक मित्र सर्व्हरमधून काढलेल्या १६ जीबीच्या दोन स्टिक जवळपास फुकटात देतोय. त्याही डीडीआर४च आहेत.

तिसऱ्यावर जीव अडकलाय, खोटे कशाला बोलू. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्क्रूड्रायव्हर

तिसरा पर्याय विसरा. स्टिकवरच्या लेबलचा फोटो टाका, मग का ते सांगतो. त्यावर 'पीसी४-२४००टी-आर' असे काहीतरी असेल. आकड्यांनंतर डॅश आणि मग 'आर' आहे का पाहा.

खटपट्या

फोटो चढत नाहीये, वाचून सांगतो: '१६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१-११'. 'आर' आहे खरा. पण खाच अगदी माझ्या बोर्डासारखीच दिसतेय, पिनाही २८८च. बसेल की!

स्क्रूड्रायव्हर

बसेल. चालू होणार नाही.

निवांत

स्क्रूड्रायव्हर यांनी दोन शब्दांत निकाल लावला, थोडे कारण मी देते. ही रजिस्टर्ड मेमरी आहे. साध्या स्टिकमध्ये प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर प्रत्येक चिपशी थेट बोलतो. सर्व्हरच्या स्टिकमध्ये पत्ते आणि आज्ञा आधी मधल्या एका रजिस्टर चिपकडे जातात आणि तिथून पुढे वाटल्या जातात. त्यामुळे एकाच बोर्डावर भरमसाट मेमरी लावता येते, पण कंट्रोलरला ती भाषा यावी लागते. ५६००जीला ती येत नाही. डीडीआर४मध्ये दोन्ही प्रकारांची खाच एकाच जागी असल्यामुळे फसगत होते. डीडीआर५मध्ये खाचेची जागाच बदलली आहे, त्यामुळे रजिस्टर्ड स्टिक साध्या बोर्डात शिरतच नाही.

लेबल फाटलेले असेल तर स्टिक नुसती निरखून पाहा. साध्या ८ जीबी स्टिकच्या एका बाजूला बहुधा ८ सारख्या काळ्या चिप्स असतात, काहींवर ४. सर्व्हरवालीवर त्या ९च्या पटीत असतात (नववी चूक-दुरुस्तीसाठी) आणि बरोबर मधोमध वेगळ्या मापाची एक चिप असते. ती मधली दिसली की स्टिक मित्राला परत.

बाकी लेबल वाचायला शिकून ठेवा, जन्मभर उपयोगी पडेल. साध्या स्टिकवर असे लिहिलेले असते: '८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२-११'. यातले 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '३२००एए' म्हणजे ३२००चा वेग आणि २२-२२-२२ टायमिंग. 'यू' म्हणजे डेस्कटॉपची साधी अनबफर्ड स्टिक. त्या जागी 'एस' असेल तर लॅपटॉपची, 'आर' असेल तर तुमच्या मित्राची. आणि '१आरएक्स८' फार महत्त्वाचे आहे, त्यावर नंतर येते.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. निवांत ताई, 'नंतर येते' म्हणून गायब होऊ नका :)

उलटतपासणी

सर्व्हरची स्टिक गेली हे बरेच झाले. आता पहिल्या पर्यायाच्या बाजूने बोलायला कुणी नाही, म्हणून मी बोलतो.

बोर्डावर स्लॉट दोनच. आज ८-८ घेतले तर दोन्ही भरले. दोन वर्षांनी ३२ हवे झाले की दोन्ही स्टिक काढून विकायच्या किंवा खणात टाकायच्या. आज १६ची एक घेतली तर उद्या तसलीच दुसरी आणायची, काम फत्ते. 'ड्युअल चॅनल, ड्युअल चॅनल' (दोन स्टिक दोन वेगळ्या वाटांनी एकाच वेळी) असा घोष सगळीकडे चालतो, पण टॅब उघडायला आणि कोड लिहायला त्याचा फरक स्टॉपवॉच लावूनही सापडणार नाही.

आकडेमोड

टॅबपुरते खरे आहे. पण धागाकर्त्याने वर लिहिलेय की ग्राफिक्स कार्ड नाही. ५६००जीच्या आतल्या व्हेगा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. पडद्यावरचे प्रत्येक टेक्स्चर तो याच रॅममधून ओढतो.

हिशेब सोपा आहे. डीडीआर४चा एक चॅनल ६४ बिटांचा, म्हणजे एका फेरीत ८ बाइट. ३२०० मेगाट्रान्सफर गुणिले ८ = सेकंदाला २५.६ जीबी. एक स्टिक लावली तर एवढ्यातच प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचे. दोन स्टिक दोन चॅनलांवर लावल्या की ५१.२ जीबी. गेममध्ये हा फरक उघड्या डोळ्यांनी दिसतो. एकाच स्टिकवर अडखळत चाललेला गेम दुसरी लावल्यावर खेळण्यालायक होतो, एवढा.

उलटतपासणी

'रात्री एखादा हलका गेम' एवढ्यासाठी पुढचा अपग्रेड बंद करायचा?

निवांत

उलटतपासणी, तुमचा मुद्दा वेगळे कार्ड असलेल्या मशिनला बरोबर लागू पडतो. कार्डाकडे स्वतःची मेमरी असते, तिथे एका स्टिकने सुरुवात करून नंतर दुसरी लावणे चालून जाते. तरी गेममध्ये मधूनमधून झटके जाणवतात. इथे ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात आहे. अशा मशिनला एक स्टिक लावणे म्हणजे ज्या ग्राफिक्ससाठी जी-वाला प्रोसेसर घेतला, त्याचाच गळा आवळणे.

दुसरे, 'उद्या तसलीच दुसरी आणायची' हे कागदावर जितके सोपे वाटते तितके नसते. तोच मॉडेल क्रमांक, तेच खोके, पण आत आज मायक्रॉनच्या चिप्स आणि वर्षभराने एसके हायनिक्सच्या, असे सर्रास होते. बनवणारी कंपनी खोक्यावरच्या वेगाची आणि टायमिंगची हमी देते, आतल्या चिपची नाही. दोन वेगवेगळ्या बॅचच्या स्टिक एकत्र बहुतेक वेळा चालतात, पण जाहीर केलेल्या वेगाला चालतीलच असे नाही. किट म्हणून एका खोक्यात आलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात. पैसे त्या तपासणीचे.

३२ खरोखर लागणार असेल तर आजच १६-१६चे किट घ्या. १६ पुरत असेल तर ८-८. मधला मार्ग मला तरी पटत नाही.

स्क्रूड्रायव्हर

वेगवेगळ्या स्टिक म्हणजे बैलजोडी. जलद बैल मंद बैलाच्या चालीने चालतो. ३६०० आणि २६६६ एकत्र लावल्या की दोन्ही २६६६.

तळटीप

आणि क्षमता वेगळी असेल तर? माझ्याकडे १६ आणि ८ अशा दोन पडून आहेत.

स्क्रूड्रायव्हर

बहुतेक बोर्डांवर चालतात. १६मधले ८ आणि दुसरीचे ८ मिळून ड्युअल चॅनल, उरलेले ८ एका चॅनलवर. इंटेल याला फ्लेक्स मोड म्हणते. पडूनच आहेत तर लावून टाका, मुद्दाम अशी जोडी विकत घेऊ नका.

खटपट्या

म्हणजे दुसरा पर्याय. पण मग ३६०० कशाला? एएमडीच्या पानावर ५६००जीसमोर ३२००च लिहिलेय. आणि बोर्डाच्या यादीत ३६००च्या पुढे कंसात ओसी असे आहे. हे चालेल की नाही चालेल?

निवांत

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

रॅमच्या खोक्यावरचा वेग हा त्या स्टिकचा जन्मजात वेग असतोच असे नाही. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीकशी चिप असते. तिच्यात स्टिकची कुंडली लिहिलेली असते, म्हणजे क्षमता, वेग, टायमिंग, व्होल्टेज. त्यातला एक भाग जेडेकच्या प्रमाणाप्रमाणे असतो (जेडेक ही मेमरीची मानके ठरवणारी संस्था) आणि बोर्ड सुरू होताना तोच वाचतो. दुसरा भाग एक्सएमपी. ही इंटेलने आणलेली पद्धत. त्यात जास्त वेगाची, घट्ट टायमिंगची आणि बहुधा जास्त व्होल्टेजची तयार मांडणी असते. पण ती आपणहोऊन लागू होत नाही, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन चालू करावी लागते. एएमडीच्या बोर्डांवर तीच गोष्ट डीओसीपी किंवा ए-एक्सएमपी अशा नावांनी दिसते. डीडीआर५साठी एएमडीने स्वतःची एक्सपो आणली.

तुमचे ३६००चे किट बॉक्समधून काढून लावले की जेडेकच्या भागाप्रमाणे २४०० किंवा २६६६ला चालू होईल, १.२ व्होल्टवर. एक्सएमपी लावली की ३६००, १.३५ व्होल्टवर. ३२००च्या पुढचे सगळे एएमडीच्या लेखी ओव्हरक्लॉकिंग (अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त पळवणे), म्हणून बोर्डाच्या यादीत ती दोन अक्षरे. ए५२०वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, पण मेमरी करता येते. ५६००जीचा मेमरी कंट्रोलर चांगला आहे, त्याला ३६०० सहसा जड जात नाही. नाही झेपले तर त्याच पडद्यावर वेग ३२०० करायचा, टायमिंग तेच ठेवायचे आणि विषय संपवायचा. स्टिक वाया जात नाही.

आता पहिल्या पर्यायातली 'साधी' स्टिक. ३२००, सीएल२२, १.२ व्होल्ट. हिचा ३२००चा वेग जेडेकच्या भागातच लिहिलेला आहे. बायोसला हात न लावता ती ३२००ला चालते. म्हणून ज्या मशिनमध्ये एक्सएमपीची सोयच नाही, उदाहरणार्थ कंपनीने जुळवून विकलेले ऑफिसचे डेस्कटॉप, तिथे ही बिनआवरणाची स्टिक ३२००ला पळते आणि शेजारची दिव्यांची आरास केलेली महागडी स्टिक २४००ला रांगते. हे माहीत नसल्याने लोक उगाच चकाकीवर पैसे घालतात.

मधलीसुट्टी

थांबा थांबा, माझ्याकडे हेच झालेय! आय३-१२१००, एच६१० बोर्ड, डीडीआर४ ३६००ची दोन स्टिकची जोडी. टास्क मॅनेजर २६६६ दाखवतो. दुकानदार म्हणाला स्टिक खराब नाही, बोर्ड खराब नाही. मग खराब काय आहे?

निवांत

काहीच खराब नाही. इंटेलने मेमरी ओव्हरक्लॉकिंग बी५६०, बी६६०, बी७६० आणि झेड मालिकेच्या चिपसेटांना दिले आहे. एच५१० आणि एच६१०ला नाही. तुमच्या प्रोसेसरची अधिकृत मर्यादा डीडीआर४साठी ३२००, त्यापुढे एच६१० जाणार नाही. तुमच्या स्टिकच्या जेडेक भागात बहुधा २६६६पर्यंतच लिहिलेय, म्हणून ती तिथे थांबली.

बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्याय दिसतोय का पाहा. काही एच६१० बोर्डांत तो असतो आणि लावल्यावर ३२००वर अडतो. तेवढे मिळाले तर घ्या, सीएल तोच ठेवून. पर्याय नसेल तर २६६६ हाच मुक्काम.

मधलीसुट्टी

आहे पर्याय. आता ३२०० दिसतेय! ४०० राहिले म्हणून रडू का?

आकडेमोड

नका रडू. जोपर्यंत हिशेब सोडवताय तोपर्यंत हेही करून पाहा. सीएल गुणिले २०००, भागिले वेग. उत्तर नॅनोसेकंदात येते, पहिला डेटा यायला लागणारा वेळ.

३२००, सीएल१६: १० नॅनोसेकंद.
३६००, सीएल१८: तेही १०.
३२००, सीएल२२: १३.७५.
२६६६, सीएल१९: साधारण १४.२५.
डीडीआर५ ६०००, सीएल३०: पुन्हा १०.
डीडीआर५ ४८००, सीएल४०: साधारण १६.७.

नुसता वेग किंवा नुसता सीएल पाहून काही कळत नाही, दोन्ही मिळून पाहायचे. खटपट्या यांच्यासाठी ३६०० सीएल१८ आणि ३२०० सीएल१६ यांचा प्रतिसादाचा वेळ सारखाच, फक्त ३६००ला बँडविड्थ साडेबारा टक्के जास्त. आतल्या ग्राफिक्सला ती हवीच असते. शिवाय ३६००ला मेमरीचा खरा क्लॉक १८०० मेगाहर्ट्झ आणि प्रोसेसरमधली इन्फिनिटी फॅब्रिकही (आतले भाग जोडणारी वाट) १८००वर, दोघे एकाच ठेक्यात. त्याहून वर जाताना तो ठेका सुटला तर वेग वाढूनही तोटा होतो. म्हणून बजेट मशिनसाठी ३६००च्या पुढच्या स्टिककडे पाहायचेच नाही.

उलटतपासणी

हे सगळे ठीक. पण आज कुणी डीडीआर४ घ्यावेच कशाला? एएम४ (या प्रोसेसरचा सॉकेट) म्हातारा झाला. डीडीआर५ घ्या, पुढची काही वर्षे बघायला नको.

स्क्रूड्रायव्हर

बोर्ड आणि प्रोसेसर ठरलेत असे पहिल्याच ओळीत आहे. एएम४ला डीडीआर५ चालत नाही, त्यानंतरच्या एएम५ला डीडीआर४ चालत नाही. संपले.

निवांत

तरी नवीन येणाऱ्यांसाठी लिहून ठेवू, कारण इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटवर लोक हमखास चुकतात. १२व्या, १३व्या, १४व्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवतात, पण बोर्ड कोणत्यातरी एकाचाच असतो. त्याच बोर्डाच्या नावापुढे 'डी४' असेल तर डीडीआर४, नसेल तर बहुधा डीडीआर५. त्यानंतरच्या एलजीए१८५१वर फक्त डीडीआर५. दोन्हींच्या पिना २८८च, पण खाच सरकवलेली आहे. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल.

आणि उलटतपासणी, डीडीआर५वर बजेट मशिन करायचे असेल तर ८ जीबीच्या स्टिकपासून लांब राहा. आता त्या '१आरएक्स८'वर येते. तिथला शेवटचा आकडा म्हणजे एक चिप एका वेळी किती बिट देते ते. चॅनल ६४ बिटांचा, म्हणून ८ बिटांच्या ८ चिप्स किंवा १६ बिटांच्या ४ चिप्स. १६ बिटांच्या चिपमध्ये बँक गटांची (चिपमधल्या मेमरीच्या कप्प्यांची) संख्या निम्मी असते, त्यामुळे कंट्रोलरला कामे आलटूनपालटून उरकायला जागा कमी मिळते. वेग तोच, सीएल तोच, तरी चाल थोडी मंद. १६ गिगाबिटच्या ४ चिप्स लावल्या की बरोबर ८ जीबी होतात, म्हणून डीडीआर५च्या ८ जीबी स्टिक साधारण अशाच असतात. डीडीआर५ घ्यायचेच तर १६-१६.

डीडीआर४च्या ८ जीबी स्टिकमध्येही हल्ली ४ चिप्सवाल्या आल्या आहेत. खटपट्या, घेताना विचारा. किंग्स्टनच्या साध्या स्टिकच्या क्रमांकातच ते दिसते: केव्हीआर३२एन२२एस८/८ म्हणजे ८ बिटांची, केव्हीआर३२एन२२एस६/८ म्हणजे १६ बिटांची. आवरणाखाली चिप्स दिसत नाहीत, तिथे कंपनीच्या पानावर '१आरएक्स८' लिहिलेय का ते शोधा.

तळटीप

डीडीआर५वर आहे म्हणून भर घालतो. एएम५च्या बोर्डावर पहिल्यांदा रॅम लावल्यावर पडदा कित्येक मिनिटे काळाच राहू शकतो. बोर्ड मेमरीचे ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी नीट जुळवून घेत असतो. घाबरून पॉवर बंद करू नका, पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरे, सीपीयू-झेडमध्ये (मशिनच्या भागांची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर) एकाच डीडीआर५ स्टिकला '२ × ३२ बिट' दिसते. ते ड्युअल चॅनल नाही. डीडीआर५च्या प्रत्येक स्टिकचेच दोन भाग असतात. दोन स्टिक लावल्यावर '४ × ३२' दिसायला हवे.

पूर्वाश्रमीचा

माझ्या जुन्या डीडीआर३ मशिनसाठी 'ओन्ली फॉर एएमडी' लिहिलेल्या ८ जीबी स्टिक मिळतायत. मशिन इंटेलचे. घेऊ?

स्क्रूड्रायव्हर

नको. त्यातल्या चिप्सची रचना इंटेलचा कंट्रोलर ओळखत नाही. लेबल खरे बोलतेय.

खटपट्या

दोन स्टिकचे किट आणायचे पक्के. बोर्डाच्या कंपनीच्या पानावर तपासलेल्या रॅमची यादी सापडली, क्यूव्हीएल. पण मला मिळतेय ते किट त्यात नाही. एक आकडा वेगळा आहे.

निवांत

यादीत असणे ही खात्री, नसणे म्हणजे नकार नव्हे. बोर्ड बाजारात आला तेव्हा हाताशी होत्या त्या स्टिक त्यांनी तपासल्या, नंतर आलेल्या हजारोंना कोण लावून बघतो? यादीचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी करा. तुमच्याच प्रोसेसर मालिकेच्या यादीत ३६००ला दोन स्टिक चालल्याची नोंद आहे का, आणि कोणत्या क्षमतेच्या. ५६००जीची यादी वेगळी असते, ५६००ची वेगळी, दुसरीच उघडून बसू नका. रॅम बनवणाऱ्या कंपन्यांच्या पानावर बोर्डाचे नाव टाकून जुळणारे किट शोधायची सोय असते, तीही बघा.

चार स्लॉटच्या बोर्डावर चार स्टिकचा मोह असतो, तो टाळा. रायझन ५००० मालिकेत दोन स्टिकना अधिकृत ३२००, चार लावल्या की सिंगल रँकला (चिप्सचा एकच संच, लेबलवर १आर) २९३३ आणि ड्युअल रँकला (२आर) २६६६. एएम५वर तर चार स्टिकची अधिकृत मर्यादा ३६००पर्यंत खाली येते. चार स्लॉटात दोनच लावायच्या असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. बोर्डाच्या पुस्तिकेत तो ए२-बी२ असा दाखवलेला असतो.

स्क्रूड्रायव्हर

बसवण्याबद्दल. या दर्जाच्या बऱ्याच बोर्डांवर स्लॉटला एकाच बाजूला चाप असतो, दुसरी बाजू पक्की. आधी पक्क्या बाजूचे टोक खोबणीत घाला, मग चापाकडचे टोक दाबा. आवाज आला पाहिजे आणि चाप आपोआप मिटला पाहिजे. बोटाने चाप मिटवावा लागला म्हणजे स्टिक बसलेली नाही. अर्धवट बसलेली स्टिक आणि 'डीरॅम'चा लाल दिवा, निम्म्या तक्रारी याच.

पिना खोडरबरने घासू नका. सोन्याचा मुलामा पातळ असतो. मळ असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनतंतूचे कापड.

आवरणाची उंचीही बघा. टॉवर कूलर लावणार असाल तर उंच आवरण पंख्याला अडते. उघडी स्टिक साधारण ३१ मिलिमीटर उंच असते.

खटपट्या

कूलर डब्यातलाच आहे, अडायचा प्रश्न नाही.

(काही दिवसांनी)

मंडळी, मशिन उभे राहिले! किट ३६०० सीएल१८, ८-८, लेबलवर १आरएक्स८. निवांत ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी २६६६ दाखवले. एक्सएमपी लावल्यावर ३६००. सीपीयू-झेडमध्ये १७९६ मेगाहर्ट्झ दिसतेय, ते निम्मेच असते हे आता कळते. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवला, एकही चूक नाही.

पण एक शंका. टास्क मॅनेजर म्हणतो १६ पैकी १३.९ जीबी वापरण्यायोग्य, २.१ हार्डवेअरसाठी राखीव. स्टिकमध्ये काही घोळ?

आकडेमोड

घोळ नाही, ते आतल्या ग्राफिक्सने घेतलेय. बायोसमध्ये यूएमए फ्रेम बफर साइझ असा पर्याय शोधा. बोर्डाने तिथे २ जीबी ठेवलेय.

खटपट्या

सापडले. ५१२ एमबी, १ जीबी, २ जीबी, ४ जीबी असे पर्याय आहेत. किती ठेवू?

निवांत

५१२ करून बघा. राखीव भाग कमी ठेवला तरी ग्राफिक्सला जास्त लागेल तेव्हा विंडोज त्याला उरलेल्या रॅममधून देतच असते, आणि गेम नसताना ती तुमच्या टॅबना मिळते. काही गेम सुरू होताना फक्त राखीव आकडा तपासतात आणि कमी दिसला की तक्रार करतात. तसा एखादा भेटला तर पुन्हा २ करा. ४ कधीच नको, १६मधून फार जातात.